उडती रुग्णवाहिका

इ. स. १७९२ साली फ्रान्सचे क्रांतिकारी सैन्य ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात लढत होते. त्या सैन्यात जखमींविषयी एक जुना नियम पाळला जाई. औषधोपचाराचे साहित्य वाहणाऱ्या अवजड गाड्या आणि शल्यचिकित्सकांचे पथक यांनी लढाई चालू असेपर्यंत आघाडीपासून एक लीग, म्हणजे सुमारे चार किलोमीटर, मागे थांबावे; तोफा शांत झाल्या की मगच पुढे जाऊन जखमी गोळा करावेत. गाड्या मौल्यवान होत्या, त्या शत्रूच्या हाती पडू नयेत, असा या नियमामागचा हेतू होता. प्रत्यक्षात मात्र लढाई संपल्यावर रस्ते तोफगाड्यांनी आणि दारूगोळ्याच्या छकड्यांनी तुंबलेले असत. मदत पोहोचेपर्यंत चोवीस तास उलटून जात, कधी त्याहूनही अधिक. तोवर मांडीतून रक्त वाहणारा शिपाई ज्या शेतात पडला, त्याच शेतात तहानेने तळमळत प्राण सोडी. सैन्याला माघार घ्यावी लागली, तर जखमींना तसेच मागे टाकून जावे लागे.

हे सारे पाहणाऱ्यांत सव्वीस वर्षांचा एक शल्यचिकित्सक होता. त्याचे नाव दोमिनिक झाँ लारे.

लारे यांचा जन्म ८ जुलै १७६६ रोजी पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या बोदेआँ या खेड्यात झाला. वडील चांभारकाम करीत. दोमिनिक लहान असतानाच ते वारले. गावच्या धर्मगुरूंनी मुलाला अक्षरओळख करून दिली आणि तेराव्या वर्षी तो टूलूज शहरातील आपल्या काकांकडे गेला. अलेक्सी लारे हे तेथील रुग्णालयात प्रमुख शल्यचिकित्सक होते. त्यांच्या हाताखाली काही वर्षे शिकून झाल्यावर दोमिनिकने १७८७ मध्ये पॅरिसची वाट धरली. पुढे आरमाराची परीक्षा देऊन तो एका युद्धनौकेवर शल्यचिकित्सक म्हणून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरील न्यू फाउंडलंडपर्यंत जाऊन आला. समुद्र त्याला मानवला नाही. बोट लागण्याचा त्रास इतका झाला, की पहिल्याच सफरीनंतर त्याने आरमार सोडले. पॅरिसला परतल्यावर त्या काळचे नामवंत शल्यचिकित्सक देसो यांच्याकडे त्याने शिक्षण घेतले. तेवढ्यात १७८९ ची राज्यक्रांती झाली, तीन वर्षांनी युद्धाला तोंड लागले, आणि लारे ऱ्हाइनच्या सैन्यात दाखल झाले.

तेथे जखमींची ती दशा पाहताना त्यांच्या नजरेत आणखी एक गोष्ट भरली. फ्रेंच सैन्यात हलक्या तोफांची घोडदळी पथके होती. ती भरधाव येत, हवी तेथे तोफ उभी करीत, मारा करीत आणि शत्रू जवळ येण्यापूर्वी तोफेसह दौडत निघून जात. लोक त्यांना उडता तोफखाना म्हणत. माणसे मारणारी तोफ इतक्या चपळाईने रणांगणात फिरू शकते, तर माणसे वाचवणारी गाडी का फिरू नये, असा प्रश्न लारे यांना पडला.

प्रश्न साधा होता; उत्तर तसे नव्हते. प्रथम त्यांनी घोड्यांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना मोठ्या टोपल्या बांधून त्यांतून जखमींना नेण्याची कल्पना मांडली. अनुभवाने ती लवकरच सोडून द्यावी लागली. मोडलेल्या हाडाचा माणूस घोड्याच्या पाठीवर हिंदकळत न्यायचा, म्हणजे हाडाची तुटलेली टोके आतल्या मांसात आणि रक्तवाहिन्यांत रुतत जाणार. रणांगणावर पडून राहिल्याने जो मरण पावला असता, तो वाटेत मरण पावे. जखमीला हलवायला उशीर केला तर तो दगावतो आणि कसेही हलवले तरी दगावतो, हा पेच लारे यांच्यासमोर उभा राहिला. त्यांच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या कामाचा मोठा भाग हा पेच सोडवण्यात गेला.

उत्तर म्हणून त्यांनी जी गाडी तयार करवली, तिचे वर्णन सविस्तर करण्यासारखे आहे. सपाट मुलखासाठी दोन चाकांची आणि दोन घोड्यांनी ओढायची हलकी गाडी होती. डोंगराळ भागासाठी चार चाकांची, चार घोड्यांची मोठी गाडी होती. छोट्या गाडीचा सांगाडा लांबट पेटीसारखा, वरून कमानदार असे. तो स्प्रिंगांवर बसवलेला असल्यामुळे खाचखळग्यांचे धक्के थेट आतल्या माणसाला बसत नसत. आत दोन जखमी पूर्ण पाय पसरून शेजारी शेजारी निजू शकत. गाडीच्या भिंतींना आतून गादीसारखे मऊ अस्तर लावलेले होते, म्हणजे वळणावर शरीर कडेला आदळले तरी इजा होऊ नये. हवेसाठी दोन्ही बाजूंना लहान खिडक्या होत्या.

या गाडीतली खरी कल्पकता तिच्या तळात होती. तळाची फळी सुटी होती. तिच्यावर कातड्याने मढवलेली गादी आणि उशी असे, आणि ती लहान लहान चाकांवरून आत-बाहेर सरकवता येई. फळीला लोखंडी कड्या होत्या. त्यांत पट्टे ओवून ती चौघांना उचलता येई. म्हणजे फळी जखमीजवळ आणून ठेवायची, त्याला एकदाच जपून तिच्यावर घ्यायचे, आणि मग फळीसकट गाडीत सरकवायचे. रुग्णालयात पोहोचल्यावर पुन्हा फळीसकट बाहेर काढायचे. खांद्याखाली एकाने, पायाला दुसऱ्याने धरून ओढाओढ करण्याची वेळच येत नसे. जखमीला जितक्या कमी वेळा हात लावावा लागेल तितके त्याचे नुकसान कमी, हे लारे यांनी ओळखले होते. आज आपण ज्याला स्ट्रेचर म्हणतो आणि जे रुग्णवाहिकेच्या मागच्या दारातून चाकांवर आत सरकते, त्याची जात हीच.

१७९३ च्या मोहिमेत या गाड्यांचा पहिला उपयोग झाला आणि सैनिकांनी त्यांना नाव दिले उडती रुग्णवाहिका. पुढल्या वर्षी लारे यांनी शार्लोत एलिझाबेथ लव्हिल-लरू या चित्रकर्तीशी विवाह केला. पण संसाराला त्यांच्या वाट्याला वेळ थोडाच आला. १७९७ मध्ये नेपोलियन बोनापार्ट यांच्या इटलीतील सैन्यात त्यांनी या सेवेची रीतसर उभारणी केली. एकूण ३४० माणसांचे दल, त्याचे तीन विभाग, प्रत्येक विभागात बारा हलक्या आणि चार अवजड गाड्या. शल्यचिकित्सक, त्यांचे मदतनीस, मलमपट्टीचे साहित्य सांभाळणारे, गाडीवान, नालबंद, खोगीर दुरुस्त करणारे असे सगळे त्यात होते. नालबंदाचे रुग्णवाहिकेत काय काम, असे आज वाटेल. पण घोड्याची नाल निखळली, की गाडी जागच्या जागी थांबणार आणि आतला माणूस जाणार, हे लारे पक्के जाणून होते.

त्या काळात फ्रेंच सैन्यात पर्सी नावाचे दुसरे एक थोर शल्यचिकित्सक होते. त्यांची गाडी लांब, अरुंद आणि बसायला घोड्याच्या पाठीसारखी होती. तिच्यावरून शल्यचिकित्सक जखमींपर्यंत जात. लारे यांची गाडी जखमींना शल्यचिकित्सकांपर्यंत आणी. दोन्ही विचारांत तथ्य होते. आधुनिक रुग्णवाहिकेत दोन्ही एकत्र आलेले दिसतात, कारण तिच्यातून उपचार करणारी व्यक्ती जाते आणि रुग्णही येतो. लारे यांच्या पथकातही गाडीसोबतची माणसे नुसती हमाली करीत नसत. रक्तस्राव थांबवणे, जखम बांधणे हे काम जेथे माणूस पडला तेथेच करायचे आणि मगच त्याला उचलायचे, असा क्रम असे.

१७९८ मध्ये नेपोलियन यांची स्वारी इजिप्तला गेली, तेव्हा लारे तिच्यासोबत होते. वाळूत चाके रुतली. इतक्या कष्टाने बनवलेली गाडी तेथे निरुपयोगी ठरली, पण त्यांनी त्या गाडीचा हट्ट धरला नाही. त्या प्रदेशात माल कसा वाहतात हे पाहून त्यांनी उंटाच्या दोन्ही बाजूंना लांब पेट्या बसवल्या. एका पेटीत एक जखमी आडवा निजू शके आणि दोन्हीकडचा भार सारखा राहिल्याने उंटाची चालही बिघडत नसे. घोड्यावरच्या टोपल्यांचा फसलेला विचार येथे निराळ्या रूपात यशस्वी झाला, कारण या वेळी माणूस पूर्ण लांबीने निजवण्याची सोय होती.

इजिप्तमध्येच घडलेला एक प्रसंग लारे यांनी आपल्या आठवणींत नोंदवला आहे. मार्च १८०१ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ इंग्रजांशी लढाई चालू असताना सिली नावाच्या फ्रेंच सेनापतीचा गुडघा तोफगोळ्याने चिरडला गेला. लारे यांनी तेथेच, गोळीबारात, अवघ्या काही मिनिटांत पाय कापून जखम बांधली. एवढ्यात इंग्रज घोडेस्वार चालून आले. गाडी नाही, उंट नाही, जवळ मदतनीसही नाही. लारे यांनी त्या माणसाला सरळ आपल्या खांद्यावर घेतले आणि ते धावत सुटले. वाटेत झुडपे लावण्यासाठी खणलेल्या खड्ड्यांची रांग लागली. लारे त्यांतून वाट काढीत गेले. घोड्यांना मात्र वळसा घालावा लागला. तेवढ्या अवधीत ते आपल्या सैन्याच्या पिछाडीला पोहोचले.

ज्यांनी आयुष्यभर जखमीला आडवे, सपाट आणि न हलवता नेण्याचा आग्रह धरला, त्यांनीच एका ताज्या शस्त्रक्रियेच्या रुग्णाला खांद्यावर टाकून पळवले, हे वरवर विसंगत वाटते. तसे ते नाही. आजचे प्रथमोपचाराचे शास्त्रही हेच सांगते. आग, कोसळणारी इमारत, वाहता रस्ता, पुराचे पाणी असा जिवावरचा धोका समोर असेल, तर जखमीला मिळेल त्या रीतीने तेथून दूर न्यावे. तसा धोका नसेल, तर मदत येईपर्यंत त्याला जागेवरून हलवू नये. वाहते रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरावे. मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल, तर डोके दोन्ही हातांनी स्थिर धरून मान व पाठ एका रेषेत ठेवावी. मोडलेला हात वा पाय हलवणे भागच असेल, तर त्याला आधी काठीचा किंवा फळीचा आधार बांधून घ्यावा. उचलायचेच झाले, तर तीन-चार जणांनी एकाच्या इशाऱ्यावर एकदम उचलावे आणि रुंद फळीवर घ्यावे. आपल्याकडे अपघात झाला की चांगल्या मनाची माणसे धावून येतात, दोघे जण जखमीचे हात-पाय धरतात आणि त्याला रिक्षाच्या आसनावर दुमडून बसवतात. मणक्याला इजा झालेली असेल, तर त्या दोन मिनिटांच्या धावपळीत त्याचे पाय कायमचे लुळे पडू शकतात. मनात दया आहे, हात मात्र अजाण आहेत, अशी ही स्थिती. लारे यांच्या काळी मणक्याच्या दुखापतीचे आजच्याइतके ज्ञान नव्हते. पण सरकणारी ती फळी आजही उपयोगी पडली असती.

मोडलेले हाड प्रवासात स्थिर राहावे, यासाठी लारे यांनी एक खास बंधन वापरले. अंड्याचा पांढरा बलक, कापूर मिसळलेले मद्यार्क आणि शिशाच्या क्षाराचे पाणी एकत्र फेटून त्यात कापडाच्या पट्ट्या भिजवायच्या आणि त्या मोडलेल्या अवयवाभोवती गुंडाळायच्या. सुकल्यावर त्यांचे कठीण कवच बनत असे. हे कवच रोज न उघडता आठवडेच्या आठवडे तसेच ठेवावे, असे त्यांचे मत होते. दररोज जखम उघडून पाहण्याची सवय असलेल्या समकालीनांना ते पटत नसे. शिसे विषारी असल्याने ते मिश्रण आज कोणी वापरणार नाही. पण अवयव कवचात बंद करून रुग्णाला हलवण्याची कल्पना टिकली. पुढे १८५० च्या दशकात प्लास्टरच्या पट्ट्या आल्या आणि अंड्याच्या बलकाची जागा त्यांनी घेतली.

लारे यांच्यावर अवयव कापण्याची घाई करण्याचा आरोप होत असे. १८१२ मध्ये रशियातील बोरोदिनोच्या लढाईत त्यांनी चोवीस तासांत सुमारे दोनशे अवयव कापले. हा आकडा वाचताना अंगावर काटा येतो. भूल देण्याचे औषध तेव्हा उपलब्ध नव्हते, जंतूंची कोणाला माहिती नव्हती. लारे यांचा युक्तिवाद असा होता, की चुरा झालेला पाय तसाच ठेवून वाईट रस्त्यावरून न्यायचा, तर वाटेतल्या प्रत्येक धक्क्याबरोबर यातना वाढणार, जखम सडणार आणि माणूस पोहोचण्याआधीच जाणार; त्यापेक्षा दुखापतीचा पहिला बधिरपणा आहे, तोवर, म्हणजे पहिल्या चोवीस तासांत, तो कापून माणूस प्रवासाच्या योग्य करावा. आजचे वैद्यक असले पाय बहुधा वाचवते. परंतु त्या काळच्या रस्त्यांचा आणि त्या काळच्या ज्ञानाचा विचार करता त्यांचा निर्णय क्रूर म्हणता येत नाही.

फेब्रुवारी १८०७ मधील आयलाऊची लढाई बर्फात झाली. तेथे त्यांच्या लक्षात आले, की गारठलेले हात-पाय ज्यांनी शेकोटीजवळ नेऊन एकदम शेकले, त्यांचेच अवयव काळे पडून सडले. हे निरीक्षण बिनचूक होते. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय, म्हणजे बर्फाने चोळणे, मात्र चुकीचा ठरला आहे. गोठलेली त्वचा कशानेही चोळू नये, असे आज मानतात.

जखमींना कोणत्या क्रमाने हात घालायचा, याचाही नियम लारे यांनी घालून दिला. ज्याची जखम सर्वांत गंभीर, त्याला आधी घ्यायचे. तो सेनापती आहे की साधा शिपाई, हे पाहायचे नाही. आपल्या बाजूचा आहे की शत्रूचा, हेही नाही. राजेरजवाड्यांच्या युगात हे बोलणे सोपे नव्हते आणि आचरणे त्याहून कठीण होते. १८०९ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्धच्या मोहिमेत डॅन्यूब नदीतील लोबाऊ बेटावर हजारो जखमी अडकले आणि त्यांना द्यायला अन्न उरले नाही, तेव्हा लारे यांनी घोडे मारवले, घोडेस्वारांच्या लोखंडी चिलखतांची भांडी केली आणि त्यांत मांसाचा रस्सा शिजवून जखमींना पाजला. घोडे गमावलेल्या अधिकाऱ्यांनी तक्रार केली. नेपोलियन यांनी लारे यांची बाजू घेतली. त्याच वर्षी त्यांना बॅरन ही पदवी मिळाली.

सम्राटाची मर्जी राखण्यासाठी मात्र ते कधी खोटे बोलले नाहीत. १८१३ मध्ये हाताला जखमा झालेल्या सैनिकांची संख्या फार वाढली. लढाई चुकवण्यासाठी या पोरांनी स्वतःच आपले हात जायबंदी केले, असा वरिष्ठांना संशय आला. आरोप सिद्ध झाला असता तर त्यांतल्या अनेकांना गोळ्या घातल्या गेल्या असत्या. तपासणीचे काम लारे यांच्याकडे आले. त्यांनी अडीच हजारांहून अधिक सैनिकांच्या जखमा एकेक करून पाहिल्या आणि एकही दोषी नाही, असा अहवाल दिला. कोवळ्या, अर्धशिक्षित रंगरुटांना बंदुका धरण्याचे नीट शिक्षण नसल्याने मागच्या रांगेच्या गोळ्या पुढच्यांच्या हातांना लागत होत्या. नेपोलियन यांना अहवाल आवडेल की नाही, याची फिकीर त्यांनी केली नाही. नेपोलियन यांनी तो मान्य केला, हे त्यांच्याही बाजूने नोंदवले पाहिजे.

सैनिकांनी या माणसाला काय मानले, ते १८१२ च्या नोव्हेंबरात दिसून आले होते. रशियातून माघार घेताना बेरेझिना नदीवरच्या लाकडी पुलांवर पळणाऱ्यांची अशी झुंबड उडाली, की पडलेला माणूस पुन्हा उठत नव्हता. लारे नदीपार झाले होते. पण शस्त्रक्रियेची हत्यारे मागे राहिली, म्हणून ते परत आले आणि गर्दीत सापडले. कोणीतरी त्यांना ओळखले. त्यांचे नाव तोंडोतोंडी पसरले आणि जो तो स्वतःच्या जिवासाठी धडपडत असलेल्या त्या गर्दीने त्यांना वर उचलून, डोक्यांवरून हातोहात पुढे देत, पलीकडच्या काठावर पोहोचवले. हजारो जखमींना वाहून नेणारे लारे त्या दिवशी स्वतः वाहून नेले गेले.

जून १८१५ मध्ये वॉटर्लू येथे फ्रेंचांचा पराभव झाला आणि लारे प्रशियन सैन्याच्या हाती पडले. त्यांना गोळी घालण्याचा हुकूम सुटला होता. डोळ्यांवर पट्टी बांधण्याच्या वेळी एका प्रशियन शल्यचिकित्सकाने त्यांना ओळखले, असे सांगतात. त्याने बर्लिनमध्ये त्यांची व्याख्याने ऐकली होती. प्रकरण सेनापती ब्ल्यूखर यांच्यापर्यंत गेले. ब्ल्यूखर यांच्या मुलावर पूर्वी कैदेत असताना लारे यांनीच उपचार केले होते. त्यांची सुटका झाली.

सेंट हेलेना बेटावर मृत्यूपूर्वी नेपोलियन यांनी आपल्या मृत्युपत्रात लारे यांना एक लाख फ्रँक ठेवले आणि आपण पाहिलेल्या माणसांत ते सर्वांत सद्गुणी असल्याचे नमूद केले. १८४० मध्ये नेपोलियन यांचे अवशेष पॅरिसला आणले गेले, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे लारे डिसेंबरच्या कडाक्यात, जुना गणवेश घालून, त्या मिरवणुकीत पायी चालले.

दोन वर्षांनी, पंचाहत्तरी उलटून गेल्यावर, ते अल्जीरियातील लष्करी रुग्णालयांची पाहणी करायला गेले. सोबत त्यांचे शल्यचिकित्सक पुत्र इपोलित होते. परतीच्या प्रवासात ते आजारी पडले. पॅरिसजवळ घरी त्यांची पत्नीही अंथरुणाला खिळली होती. लारे यांना तेथवर पोहोचता आले नाही. २५ जुलै १८४२ रोजी लिऑन शहरात त्यांचे निधन झाले. पत्नीचे प्राण त्यापूर्वी काही दिवसच गेले होते. पॅरिसमधील अँव्हालीद या सैनिकांच्या आश्रयस्थानी, ज्यांना त्यांनी रणांगणावरून उचलून आणले त्या जायबंदी शिपायांच्या सान्निध्यात, आपले दफन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. तिला तेव्हा परवानगी मिळाली नाही आणि त्यांना पेर लाशेझ दफनभूमीत पुरण्यात आले. तेथून अँव्हालीदपर्यंतचे अंतर काही किलोमीटरचेच आहे. ते पार करायला दीडशे वर्षे लागली. १९९२ मध्ये त्यांचे अवशेष तेथे हलवण्यात आले.